प्रयोगशाळेपासून उंबरठ्यापर्यंत

रात्रीं निजण्यापूर्वीं कोमट दुधांत चमचाभर विरजण घालून भांडें झांकून ठेवणारी गृहिणी एका अर्थानें कारखानदारच असते. तिच्या कारखान्यांतील मजूर डोळ्यांना दिसत नाहींत, ते पगार मागत नाहींत, आणि सकाळ होईपर्यंत आपलें काम चोख बजावून ठेवतात. दुधाचें दहीं करणारे, पीठ आंबविणारे, उसाच्या मळीपासून मद्यार्क काढून देणारे हे सूक्ष्म जंतु हजारों वर्षें माणसाच्या सेवेंत आहेत. फरक पडला तो एवढाच कीं, पूर्वीं त्यांना कामास लावणारा माणूस त्यांना ओळखत नव्हता. आज तो त्यांना ओळखतो, त्यांतील उपयोगी तेवढे निवडून घेतो, आणि त्यांच्या पेशींतील जनुकांमध्यें फेरबदल करून त्यांच्याकडून पूर्वीं त्यांनीं कधींहि न केलेलीं कामें करून घेतो.

हें ज्ञान जसजसें वाढलें तसतसें तें केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा विषय राहिलें नाहीं. १९८२ सालीं जंतूंकडून बनवून घेतलेलें मानवी इन्सुलिन अमेरिकेंत मान्य झालें, आणि योगायोग असा कीं, त्याच सालीं भारत सरकारनें राष्ट्रीय जैवतंत्रज्ञान मंडळ स्थापन केलें. चार वर्षांनीं, १९८६ सालीं, त्याच्या जागीं स्वतंत्र जैवतंत्रज्ञान विभाग आला. पुण्यास विद्यापीठाच्या आवारांत असलेलें राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र हें याच विभागाचें अपत्य होय. २०१२ सालीं संशोधक आणि उद्योजक यांच्यामधील दुवा म्हणून 'बायरॅक' या नांवाची सरकारी कंपनी निघाली. नवी कल्पना व्यवहारांत उतरते कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं तिच्या एका योजनेंत पन्नास लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतें.

या मालिकेंतील मोठें पाऊल २४ ऑगस्ट २०२४ रोजीं पडलें. त्या दिवशीं केंद्रीय मंत्रिमंडळानें 'बायो-ई-थ्री' या धोरणास मंजुरी दिली. अर्थव्यवस्था, पर्यावरण आणि रोजगार या तिन्ही गोष्टींचीं इंग्रजी नांवें एकाच अक्षरानें सुरू होतात, त्यावरून हें नांव पडलें. धोरणानें सहा क्षेत्रें निवडलीं आहेत: जैविक मार्गानें बनणारीं मौल्यवान रसायनें, विकरें व बहुवारिकें, नव्या प्रकारचीं प्रथिनें व पोषक अन्नें, रोग्याच्या प्रकृतीप्रमाणें नेमके दिले जाणारे जैविक औषधोपचार, हवामानाच्या लहरींत तग धरणारी शेती, हवेंतील कर्बवायु पकडून त्याचा उपयोग करणें, आणि समुद्र व अंतराळ यांविषयींचें संशोधन. असा विचार करणारा भारत एकटा नाहीं. जर्मनीनें २०१० सालीं, आणि युरोपीय संघ व अमेरिका यांनीं २०१२ सालीं आपापलीं धोरणें जाहीर केलीं होतीं.

सरकारी अहवालाप्रमाणें भारताची ही जैव-अर्थव्यवस्था २०१४ सालीं सुमारें १,००० कोटी डॉलरांची होती, ती २०२४ सालीं १६,५०० कोटी डॉलरांहून अधिक झाली, आणि २०३० सालापर्यंत ती ३०,००० कोटींवर न्यावयाची असा संकल्प आहे. आंकडे मोठे आहेत. परंतु मोठ्या आंकड्यांची पोटफोड केल्यावांचून त्यांचा अर्थ उमगत नाहीं. या बेरजेंत सर्वांत मोठा वाटा आहे तो औद्योगिक विभागाचा, आणि त्या विभागांत पेट्रोलमध्यें मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलची गणना होते. पेट्रोलमध्यें वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट आधीं २०३० सालासाठीं होतें, तें २०२५ सालींच गांठलें गेलें. शासकीय निश्चयानें काय साधतें याचें हें उदाहरण खरें. पण मळीपासून मद्यार्क काढणें ही साखर कारखान्यांची जुनीच विद्या आहे; आणि उसाला पाणी किती लागतें हें मराठवाड्यांतील माणसाला कोणीं सांगावयास नको. म्हणून नुसती बेरीज वाढली एवढ्यावरून संशोधन फळास आलें असें म्हणतां येत नाहीं. संशोधन व विकास यांवर भारत २०२०-२१ सालीं आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करीत होता, हेंहि त्या बेरजेशेजारीं मांडून पाहिलें पाहिजे.

मग अशा धोरणाची खरी कसोटी कोणती? प्रयोगशाळेंत लागलेला शोध सामान्य माणसाच्या उंबरठ्यापर्यंत पोंचतो कीं नाहीं, आणि पोंचल्यावर तो तेथें टिकतो कीं नाहीं, ही ती कसोटी होय. या दोन टोंकांमधील वाट फार लांब आहे, आणि बहुतेक शोध याच वाटेंत दम तोडतात. त्याचें कारण स्वयंपाकघरांतील उदाहरणानें सहज समजतें. चार माणसांच्या स्वयंपाकाचें प्रमाण शंभरपट केलें म्हणजे लग्नाचा स्वयंपाक होत नाहीं, हें कोणताहि आचारी सांगेल. आंच निराळी लागते, ढवळणें निराळें, वेळ निराळी. लिटरभर चंबूंत आनंदानें वाढणारे जंतु हजारों लिटरांच्या टांकींत गुदमरतात. त्यांच्याच अंगच्या उष्णतेनें टांकी तापते. एखादा उपरा जंतु शिरला कीं सगळा माल फुकट जातो. ही विद्या पुस्तकांतून येत नाहीं, ती हातांत यावी लागते. आणि ती हातीं येईपर्यंत पैसा जात असतो, परतावा कांहींच मिळत नसतो. प्रयोगशाळेला अनुदान मिळतें, चालत्या कारखान्याला बँक कर्ज देते; मधल्या या वाटेवर मात्र कोणी उभें राहण्यास तयार नसतें. सरकारचें खरें काम तेथें सुरू होतें.

तें काम कसें होतें, याचें एक उत्तम उदाहरण दिल्लींत घडलें. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत १९८५-८६ च्या सुमारास डॉ. महाराज किशन भान आणि त्यांचे सहकारी यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. कांहीं नवजात अर्भकांच्या पोटांत रोटा नांवाचा विषाणु शिरला होता. हाच विषाणु लहान मुलांना जीवघेणा अतिसार करतो. परंतु हीं मुलें आजारी पडलीं नाहींत. आणि पुढेंहि तीव्र अतिसारापासून त्यांचें रक्षण झालें. म्हणजे निसर्गानेंच विषाणूचा एक सौम्य वाण तयार करून ठेवला होता. त्यापासून लस होऊं शकेल, हें शास्त्रज्ञांच्या ध्यानांत आलें.

ध्यानांत येणें आणि लस हातीं येणें यांत मात्र तीस वर्षें गेलीं. अमेरिकेंतील शास्त्रज्ञांचें सहकार्य मिळालें, जैवतंत्रज्ञान विभागानें वर्षानुवर्षें पैसा पुरविला, हैदराबादच्या एका कंपनीनें उत्पादनाची जबाबदारी घेतली. शेवटची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुणें परिसर या तीन ठिकाणीं झाली, आणि तींत ६,७९९ बालकांचा समावेश होता. पुणें जिल्ह्यांतील वढू गांवाच्या आसपासच्या मातांनीं आपलीं तान्हीं मुलें या कामासाठीं विश्वासानें पुढें केलीं, ही गोष्ट आंकड्यांच्या गर्दींत विसरली जाऊं नये. २०१३ सालीं निष्कर्ष जाहीर झाले: पहिल्या वर्षांत तीव्र रोटा-अतिसाराचें प्रमाण या लसीनें सुमारें ५६ टक्क्यांनीं घटलें. २०१६ सालीं हिमाचल प्रदेश, हरियाणा, ओडिशा आणि आंध्र प्रदेश या चार राज्यांत रोटाची लस सरकारी लसीकरणांत आली, आणि पुढें ती देशभर पसरली. एका मात्रेची किंमत सुमारें एक डॉलर राहील, हें उत्पादकानें आधींच जाहीर केलें होतें.

छपन्न टक्के हा आंकडा प्रथम ऐकणाऱ्यास कमी वाटेल. पण एका अंदाजाप्रमाणें लस येण्यापूर्वीं भारतांत रोटामुळें दरवर्षीं सुमारें ७८,००० बालकें दगावत होतीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्याचें मोल कळतें. या सगळ्या हकीकतींत धोरणाच्या दृष्टीनें ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, तीस वर्षांत दिल्लींत अनेक सरकारें आलीं आणि गेलीं, परंतु या कामावरचा हात कोणीं काढून घेतला नाहीं. आंब्याचें झाड लावणारानें पुढल्या निवडणुकीकडे पाहून चालत नाहीं.

हात काढून घेतला म्हणजे काय होतें, हें पाहण्यास दूर जावयास नको. पुण्याजवळ पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि १९५५ सालीं तेथें पेनिसिलिनचें उत्पादन सुरू झालें. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचें त्यास साहाय्य होतें. बुरशीपासून औषध काढण्याची ती अवघड विद्या पिंपरीच्या कामगारांनीं आणि रसायनज्ञांनीं आत्मसात केली. तेथील प्रयोगशाळेंत डॉ. थिरुमलाचार यांनीं हॅमायसिन नांवाचें बुरशीजन्य रोगांवरचें नवें औषधहि शोधून काढलें. सरकारी कारखान्यांत शोध लागत नाहींत, असें म्हणणाऱ्यांना हें उत्तर होतें.

परंतु पुढें यंत्रें जुनीं झालीं, जंतूंचे अधिक उत्पादक वाण निपजविण्याची शर्यत जगांत चालूच राहिली, आणि कारखाना तोट्यांत गेला. १९९० नंतरच्या काळांत चीनमधून स्वस्त माल येऊं लागला, आणि देशांतील इतर कारखान्यांनींहि पेनिसिलिनचें मूळ द्रव्य बनविणें हळूहळू सोडून दिलें. हिशेबाच्या वहींत ही बचत दिसली. पण कारखाना बंद पडतो तेव्हां नुसतीं यंत्रें थांबत नाहींत. टांकीच्या नुसत्या वासावरून माल बिघडला कीं काय तें ओळखणारीं माणसें विखुरतात, आणि त्यांच्याबरोबर ती विद्याहि जाते. २०२० सालीं महामारीनें जगाचे मार्ग रोखले, तेव्हां कच्च्या औषधांसाठीं परदेशावर किती विसंबून राहावें लागतें, हें सर्वांच्या ध्यानांत आलें. त्याच वर्षीं सरकारनें अशा द्रव्यांच्या उत्पादनास प्रोत्साहन देणारी योजना काढली, आणि २०२४ सालीं आंध्रांत काकिनाड्याजवळ पेनिसिलिनच्या मूळ द्रव्याचा नवा कारखाना सुरू झाला. जें पिंपरीस एकदां शिकून झालें होतें, तें पुन्हां नव्यानें उभारावें लागलें. घरांतील विरजण एकदां संपूं दिलें म्हणजे शेजारणीचें दार ठोठवावें लागतें. शेजारीण दार उघडील कीं नाहीं, हें तिच्या मर्जीवर असतें.

तिसरें उदाहरण कापसाचें. मार्च २००२ मध्यें भारतांत बीटी कापसास परवानगी मिळाली. जमिनींतील एका जंतूचें जनुक या कापसांत घातलेलें असतें, आणि त्यामुळें बोंडअळीला मारणारें द्रव्य झाड स्वतःच तयार करतें. विदर्भ, मराठवाडा, खानदेश येथील शेतकऱ्यांनीं हें बियाणें झपाट्यानें उचललें. कांहीं वर्षांतच देशांतील कापसाचें नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र त्याखालीं आलें. पहिलीं कांहीं वर्षें फवारणी कमी झाली आणि पीकहि वाढलें. त्या वाढीचें सर्व श्रेय बियाण्याला द्यावें कीं पाणी आणि खत यांनाहि द्यावें, याविषयीं तज्ज्ञांत वाद आहे. परंतु शेतकऱ्याला लाभ मुळींच झाला नाहीं, असें म्हणतां येणार नाहीं.

चूक झाली ती नंतर. एकच विष सर्वत्र पसरलें म्हणजे त्याला न जुमानणाऱ्या अळ्या निपजणार, हें शास्त्रज्ञांना पहिल्यापासून ठाऊक होतें. म्हणून बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर साध्या कापसाच्या बियांचें १२० ग्रॅमचें निराळें पाकीट दिलें जाई. तें शेताच्या कडेनें लावावें, म्हणजे तेथें साध्या अळ्या जगतील, त्यांचा विषाला न जुमानणाऱ्या अळ्यांशीं संकर होईल, आणि प्रतिकारशक्ति पसरण्यास वेळ लागेल, अशी ती योजना होती. योजना सुज्ञ होती. पण चार एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्यानें आपल्या जमिनीचा तुकडा अळ्यांना चरावयास कां सोडावा, हें त्याला नीट समजावून कोणीं सांगितलें नाहीं, आणि त्याचें नुकसान भरून देण्याची सोयहि कोणीं केली नाहीं. पुष्कळ ठिकाणीं तीं लहान पाकिटें बांधावर फेंकलीं गेलीं. २००९-१० च्या सुमारास गुजरातेंत गुलाबी बोंडअळी पहिल्या पिढीच्या बीटी कापसाला दाद देईनाशी झाल्याचें दिसलें. पांचसहा वर्षांत दुसऱ्या पिढीचीहि तीच गत झाली. २०१७ सालीं विदर्भ-मराठवाड्यांत या अळीनें पिकाची धूळधाण केली. त्याच हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर विषारी औषधें फवारतांना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर प्राणांस मुकले. फवारणी कमी करण्यासाठीं आलेल्या बियाण्याच्या शेतांत हें घडलें.

येथें दोष जनुकशास्त्राचा म्हणतां येत नाहीं. शोध उंबरठ्यापर्यंत पोंचला होता. पोंचल्यानंतर त्याच्यावर लक्ष ठेवणारें कोणी राहिलें नव्हतें. परवानगी हा शेवट समजला गेला, वस्तुतः ती सुरुवात होती. असा अनुभव येऊं लागला कीं लोकांचा विश्वास उडतो, आणि विश्वास उडाला म्हणजे पुढील शोधाची वाटहि अडते. बीटी वांग्याला तज्ज्ञ समितीनें ऑक्टोबर २००९ मध्यें अनुकूल मत दिलें, परंतु नागपुरासह सात शहरांत जनसुनावण्या झाल्यावर फेब्रुवारी २०१० मध्यें सरकारनें त्यास स्थगिती दिली. तो निर्णय योग्य कीं अयोग्य, याविषयीं मतभेद आहेत. पण ज्या खात्यावर लोकांचा विश्वास नसतो त्याचा शास्त्रीय निर्वाळाहि स्वयंपाकघरांत चालत नाहीं, एवढें त्यांतून निश्चित दिसलें.

याच विश्वासाशीं वांटणीचा प्रश्न निगडित आहे. मार्च १९९५ मध्यें अमेरिकेंतील एका विद्यापीठास हळदीनें जखम भरून काढण्याच्या उपायाचें पेटंट मिळालें. जो उपाय महाराष्ट्रांतील प्रत्येक आजीला ठाऊक, त्यावर सातासमुद्रांपलीकडे कोणाचा हक्क लागला! डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें त्याविरुद्ध जुने ग्रंथ पुराव्यादाखल मांडले, आणि १९९७ सालीं तें पेटंट रद्द झालें. पुढें २००२ सालीं जैवविविधतेचा कायदा झाला. गांवोगांवच्या वनस्पति, वाण आणि त्यांविषयींचें लोकांचें ज्ञान यांची नोंद गांवानेंच ठेवावी, आणि त्यांचा व्यापारी उपयोग होईल तेव्हां लाभाचा अंश गांवाकडे यावा, असें त्या कायद्याचें तत्त्व आहे. हळदीचें पेटंट परक्यांनीं घेतलें तेव्हां देशाला राग आला. देशांतीलच कंपनीनें एखाद्या आदिवासी पाड्यावरील मुळी नेऊन औषध केलें आणि पाड्याला कांहींच दिलें नाहीं, तर त्या पाड्यालाहि तसाच राग येण्याचा अधिकार आहे.

हीं उदाहरणें समोर ठेवून नव्या धोरणाकडे पाहिलें म्हणजे त्याची बाजू आणि त्याची उणीव दोन्ही दिसतात. मधल्या वाटेची अडचण या धोरणानें ओळखली आहे, ही त्याची मोठी जमेची बाजू. लहान उद्योजकाला परवडणार नाहींत अशा मोठ्या टांक्या, यंत्रें आणि चाचणीच्या सोयी सामायिक स्वरूपांत उभाराव्या, म्हणजे आपला शोध चंबूंतून टांकींत उतरतो कीं नाहीं हें त्याला घरदार गहाण न टाकतां पाहतां येईल, हा विचार योग्य आहे. पिंपरीचा धडा हा कीं, अशा सोयी एकदां उभारून भागत नाहीं. त्या चालविणारीं कसबी माणसें सांभाळावीं लागतात. रोटाच्या लसीचा धडा हा कीं, पैसा थोडा असला तरी चालेल, पण तो मध्येंच आटतां कामा नये. आणि कापसाचा धडा हा कीं, जो विभाग उद्योगाला उत्तेजन देतो त्याच्याहून निराळी, स्वतंत्र आणि शेताच्या बांधापर्यंत जाणारी नजर ठेवणारी यंत्रणा असली पाहिजे; आणि तिचे निष्कर्ष, अनुकूल असोत वा प्रतिकूल, लोकांना त्यांच्या भाषेंत कळले पाहिजेत. उत्तेजनाच्या कलमांना निधि आणि तारखा मिळतात. देखरेखीच्या कलमांना तितकाच निधि आणि तितक्याच नेमक्या तारखा मिळतील, तेव्हां हें धोरण पुरें झालें असें म्हणतां येईल.

२०३० सालीं ती ३०,००० कोटी डॉलरांची बेरीज पुरी होईल किंवा होणार नाहीं. तिचा निकाल वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत छापून येईलच. पण त्याहून खरा निकाल लहान जागीं लागत असतो. आरोग्यकेंद्रांत तान्ह्या मुलाच्या जिभेवर लसीचे थेंब पडतात तेव्हां त्याची आई खर्चाच्या चिंतेंतून सुटलेली असते कीं नाहीं. यवतमाळचा शेतकरी बियाण्याचें नवें पाकीट घेतो तेव्हां त्यांतील साध्या कापसाच्या बियांचा अर्थ त्याला कोणीं सांगितलेला असतो कीं नाहीं. पेनिसिलिनची कुपी औषधाच्या दुकानांत असते ती देशांतील हातांनीं केलेली असते कीं नाहीं, या प्रश्नांच्या उत्तरांवर तो निकाल अवलंबून आहे. विरजण चांगलें लागलें कीं नाहीं हें सकाळीं झांकण उघडल्यावर समजतें, आणि घरांतल्यांनीं दहीं पोटभर खाल्लें म्हणजे त्याचें सार्थक होतें. मात्र शहाणी गृहिणी त्यांतलें चमचाभर दुसऱ्या दिवसासाठीं बाजूला काढून ठेवावयास विसरत नाहीं.